सप्टेंबरची पेरणी : प्रस्तावना

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत लॉनची आठवण होते ती एप्रिलमध्ये. बर्फ वितळून गेलेला असतो, फोर्सिथियाची पिवळी फुलं कुंपणांवर दिसू लागतात, दुकानांच्या दारात खताच्या आणि बियांच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात, आणि शेजाऱ्याच्या अंगणापेक्षा आपलं अंगण जरा बोडकं आहे हे अचानक डोळ्यांत भरतं. शनिवारी पोतं घरी येतं, रविवारी बी टाकून होतं, मे महिन्यात कोवळी हिरवी पाती वर येतात आणि घरातल्या सगळ्यांना बरं वाटतं. जुलैच्या मध्यावर ती पाती करपतात आणि त्यांच्या जागी क्रॅबग्रास नावाचं तण पाय पसरतं. पुढच्या एप्रिलला पुन्हा पोतं. या पुस्तिकेचं सारं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर ते असं : हे गवत रब्बीचं आहे आणि आपण ते खरिपाच्या तोंडावर पेरत आलो आहोत.

ईशान्य अमेरिकेतल्या बहुतेक लॉनमध्ये केंटकी ब्लूग्रास, बारमाही रायग्रास, टॉल फेस्क्यू आणि फाइन फेस्क्यू या चौघांचंच कमी-अधिक मिश्रण असतं. चारही गवतं थंड हवेची. हवा साधारण 60 ते 75 अंश फॅरनहाइट आणि जमीन 50 ते 65 अंशांवर असली की त्यांची मुळं सर्वांत जोमाने वाढतात. हे वर्षातून दोनदा जुळून येतं, एकदा एप्रिल-मेमध्ये आणि एकदा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. दोन्ही वेळा बी उगवतं, त्यामुळे दोन्ही हंगाम सारखेच वाटतात. पण उगवल्यानंतर रोपाच्या वाट्याला काय येतं ते पाहा. एप्रिलच्या रोपाला दीड-दोन महिन्यांत कडक ऊन गाठतं, तेव्हा त्याची मुळं जेमतेम बोटभर खोल गेलेली असतात. शिवाय क्रॅबग्रास वसंतातच, जमीन 55 अंशांच्या आसपास आली की उगवू लागतं. म्हणजे पाणी, खत आणि जागा यांत पहिल्या दिवसापासून वाटेकरी. क्रॅबग्रास रोखणारं तणनाशक टाकावं, तर तेच औषध आपण पेरलेलं बीही उगवू देत नाही.

सप्टेंबरात हे सगळं उलटं असतं. जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते, म्हणून बी लवकर फुटतं. रात्री गार असतात, म्हणून पातं दिवसा जे अन्न बनवतं ते रात्रीत फारसं जाळून टाकत नाही. क्रॅबग्रास एकाच वर्षाचं पाहुणं, पहिल्या गोठवणाऱ्या दवाबरोबर मरतं. आपल्या रोपाला ऑक्टोबर, नोव्हेंबरचा बराचसा भाग आणि पुन्हा पुढचा एप्रिल-मे, असे दोन थंड हंगाम मिळतात, आणि मगच पहिला जुलै त्याच्यासमोर उभा राहतो. गहू हा या गवतांचा वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने जवळचा भाऊबंद. दसरा उलटल्यावर गव्हाची पेरणी का करतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला टॉल फेस्क्यूचं वेळापत्रक नव्याने शिकवावं लागू नये. तरी शिकवावं लागतं, कारण अंगणातलं गवत हे पीक आहे असं आपण मानतच नाही. कार्पेट म्हणतो त्याला.

इथे हरळीबद्दल दोन शब्द. अमेरिकेच्या दक्षिणेत मैदानांवर आणि अंगणांत लावतात ती बर्म्युडा ग्रास म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहायच्या जुडीतली दूर्वा. वनस्पती एकच. ती उन्हाची भुकेली. जर्सीत ती पहिल्या थंडीत तपकिरी पडते आणि मे उजाडेपर्यंत हलत नाही, म्हणून इथल्या लॉनवाल्यांच्या लेखी ती तण. गावाकडच्या शेतकऱ्याचंही तिच्याबद्दलचं मत फारसं वेगळं नाही. सप्टेंबरात एकवीस दूर्वांसाठी गल्ल्या धुंडाळणारी मंडळी आणि त्याच गवतावर औषध मारणारी मंडळी इथे एकाच रस्त्यावर राहतात, कधीकधी एकाच घरात. पुण्या-नाशिकला वाढलेल्या माणसाच्या डोक्यातलं गवत हे असं उन्हाळी स्वभावाचं असतं. पावसाबरोबर उठणारं, उन्हात टिकणारं, थंडीत मलूल होणारं. ते गणित उत्तरेत आणलं की सगळं सहा महिन्यांनी चुकतं.

अमेरिकेत लॉनखाली किती जमीन आहे? क्रिस्टिना मिलेसी आणि सहकाऱ्यांनी उपग्रहचित्रांच्या आधारे 2005 मध्ये मांडलेला अंदाज सुमारे 1,64,000 चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे निम्म्या महाराष्ट्रापेक्षा जास्त. अंगण, बागा, मैदानं, गोल्फ कोर्स सगळं त्यात आलं. या पसाऱ्याला इतिहास आहे. 1830 साली इंग्लंडात एडविन बडिंगने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं तिथपासून तो सुरू होतो, आणि 1947 पासून लाँग आयलंडवर उभ्या राहिलेल्या लेव्हिटटाउनपर्यंत येतो, जिथे घराबरोबर लॉनही मिळे आणि ती कापून ठेवण्याची अटही. हा इतिहास मनोरंजक आहे, पण या पुस्तिकेला तो फारसा लागत नाही. लॉन असावी की नसावी या वादातही मी पडत नाही. माझं मत विचाराल तर पुढचं अंगण गवताचं आणि मागचं भाजीचं असावं. मात्र लॉन ठेवायचीच असेल, तर दर एप्रिलला पैसे आणि पाणी ओतून ती दर जुलैला मारण्यात काही अर्थ नाही.

खरा विषय माती. मध्य जर्सीत नवी वसाहत कशी उभी राहते ते ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे लगेच पटेल. बुलडोझर आधी वरची काळसर सुपीक माती खरवडून बाजूला ढीग करतो. मग उघड्या पडलेल्या लाल, चिकण थरावर महिनोन्‌महिने ट्रक, क्रेन आणि सिमेंटचे मिक्सर फिरतात. घर पूर्ण झालं की त्या दाबून वीट झालेल्या थरावर वरच्या मातीचा पातळ हात फिरवला जातो आणि त्यावर तयार गवताच्या गुंडाळ्या अंथरल्या जातात. घरमालकाला हिरवंगार अंगण दिसतं. मुळांना दोन-तीन इंचांवर भिंत लागते. लाल शेलच्या पट्ट्यात तर हे हमखास. मेटाचेन-एडिसनच्या बाजूला प्रश्न थोडा वेगळा. शेवटच्या हिमयुगातली हिमनदी इथपर्यंत येऊन थांबली आणि तिने ढकलत आणलेले दगडगोटे तिथेच टाकून गेली, त्यामुळे जमिनीला भोकं पाडणाऱ्या यंत्राचे दात दगडावर आपटून वाकतात.

चांगल्या मातीचं निम्मं आकारमान घन असतं. उरलेलं निम्मं म्हणजे पोकळी, त्यात पाणी आणि हवा साधारण सारख्या वाट्याने. माती दाबली गेली की आधी मोठ्या पोकळ्या मिटतात, आणि हवा त्याच पोकळ्यांत असते. मुळांनाही श्वासाला प्राणवायू लागतो हे शाळेत वाचलेलं आपण परीक्षेनंतर विसरतो. हवा गेली की मुळं वरच्या वर आडवी पसरतात, पावसाचं पाणी आत न मुरता ड्राइव्हवेवरून गटारात जातं, आणि दिलेलं खतही त्याच वाटेने. यावर जास्त पाणी, जास्त खत, जास्त बी हे उपाय करणं म्हणजे दार बंद असताना बाहेर पाहुण्यांची संख्या वाढवणं. दाबलेल्या जमिनीची खूण सोपी आहे. पाऊस पडून गेल्यावर साधा स्क्रू ड्रायव्हर हाताने खुपसून पाहावा. तीन-चार इंच सहज गेला तर जमीन ठीक आहे. जोर लावावा लागला, किंवा जिथे सतत पाय पडतात तिथे गवताऐवजी नॉटवीड आणि प्लँटेन ही जमिनीला चिकटून वाढणारी तणं दिसली, तर दुसरा पुरावा नको.

एरेशनचं यंत्र या बंद दाराला भोकं पाडतं. योग्य यंत्राला पोकळ दात असतात. अर्धा ते पाऊण इंच जाडीचे आणि दोन-तीन इंच लांबीचे मातीचे दंडगोल ते उपटून वर टाकतं. बाजारात खिळ्यांचे जोडे मिळतात, पायात घालून लॉनवर फिरायचे. ते घेऊ नयेत. खिळा माती बाहेर काढत नाही, बाजूला दाबतो, म्हणजे भोकाच्या भिंती आधीपेक्षा घट्ट होतात. पोकळ दाताचं यंत्र जड असतं, भाड्याने मिळतं, आणि चार घरांनी मिळून एका दिवसाचं भाडं वाटून घेतलं तर परवडतं. चढावर ते एकट्याने वळवू नये.

यंत्र कधी चालवावं हा प्रश्न शेतकऱ्याला विचारा, तो एका शब्दात उत्तर देईल : वाफशावर. कोरड्या जमिनीत दात शिरत नाहीत, ओल्या चिकण मातीत ते भोकाच्या भिंती लिंपून टाकतात. पाऊस नसेल तर एक-दोन दिवस आधी इंचभर पाणी द्यावं, आणि मुठीत दाबलेला मातीचा गोळा बोटाने टोकरल्यावर सुटा होतो का ते पाहावं. त्याआधी स्प्रिंक्लरची तोंडं आणि जमिनीत वरवर पुरलेल्या तारा झेंड्या लावून दाखवून ठेवाव्यात. कुत्र्यासाठी पुरलेलं अदृश्य कुंपण असेल तर नक्कीच.

आता थोडा हिशेब, कारण तो कुणी करत नाही. अर्धा इंच व्यासाची भोकं तीन-तीन इंचांवर पडली, तर एका फेरीत जमिनीचा जेमतेम दोन टक्के पृष्ठभाग उघडतो. दोन टक्के! अंगणात मातीच्या गोळ्या दिसतात म्हणून काम झाल्यासारखं वाटतं. एकदा उभं, एकदा आडवं, आणि जिथे मुलं खेळतात किंवा पायवाट पडली आहे तिथे तिरकं, अशा फेऱ्या झाल्या तरच खर्चाचं चीज होतं. वर पडलेल्या गोळ्या गोळा करू नयेत. कॅनडा गीजचा थवा रात्री मुक्कामाला येऊन गेला असावा असं अंगण दिसतं आणि शेजारी विचारतात, पण दोन-चार आठवड्यांत पाऊस आणि लॉनमोवर त्या विरघळवून टाकतात. त्या मातीतले सूक्ष्मजीव गवताच्या बुडाशी साठलेला जुना थर कुजवायला मदत करतात. हा थर, इथे त्याला थॅच म्हणतात, अर्ध्या इंचाहून जाड झाला की बी मातीपर्यंत पोचतच नाही. तो कापलेल्या पात्यांचा असतो असा सर्वत्र समज आहे. तो चुकीचा. पाती लवकर कुजतात. थर साठतो तो चिवट खोडांचा आणि मुळांचा, आणि त्यात ब्लूग्रासचा हात मोठा.

दरवर्षी एरेशन करून घ्या, असं लॉनची कंत्राटं घेणारे सांगतात. प्रत्येक अंगणाला त्याची गरज नसते. दक्षिण जर्सीतल्या पाइन बॅरन्सच्या वाळूमय जमिनीत पाणी तसंच झरझर उतरतं, तिथे भोकं पाडून साधायचं काय? ज्या अंगणात कुणी फिरकत नाही, स्क्रू ड्रायव्हर सहज जातो आणि गांडुळं दिसतात, तिथे ते काम गांडुळंच करत आहेत. चिकण माती आणि वर्दळ असेल तर मात्र काही वर्षं सलग करावं. एकदा करून विसरलात तर माती पुन्हा दबते.

आणखी एक तपासणी बी विकत घ्यायच्या आधीची. ऑगस्टच्या अखेरीस पिवळा पडलेला लॉनचा तुकडा हाताने ओढून पाहावा. सतरंजीसारखा उचलला गेला तर खालची मुळं हुमणीने खाल्लेली आहेत. जपानी भुंग्याची पांढरी, वाकडी अळी तिथेच सापडेल. हा भुंगा अमेरिकेत पहिल्यांदा आढळला तो 1916 मध्ये, न्यू जर्सीतल्याच रिव्हरटनजवळच्या एका नर्सरीत. अळ्यांचा बंदोबस्त न करता वर बी टाकणं हा त्यांना पाहुणचार.

बियांबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण एवढ्या बारीक दाण्यामागे एवढा शोध असतो याची कल्पना पोत्यावरच्या चित्रावरून येत नाही. रटगर्स विद्यापीठाच्या रीड फंक यांनी 1967 मध्ये बारमाही रायग्रासचा 'मॅनहॅटन' हा वाण दिला. त्याची मूळ रोपं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या जुन्या, पायदळी तुडवल्या गेलेल्या हिरवळीतून निवडलेली होती. तोवर रायग्रास म्हणजे गुरांचा चारा. 'मॅनहॅटन'नंतर ते लॉनचं गवत झालं. 'मेरियन' हे ब्लूग्रास फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन गोल्फ क्लबवर सापडलं. टॉल फेस्क्यूचा 'केंटकी 31' हा वाण 1931 मध्ये केंटकीच्या मेनिफी काउंटीतल्या एका डोंगरउतारावरच्या शेतात प्राध्यापक फर्गस यांच्या नजरेस पडला आणि 1943 मध्ये शेतकऱ्यांना मिळाला. ज्या ब्लूग्रासला केंटकीचं नाव आहे, ते मूळचं केंटकीचंच काय, या खंडाचंही नाही. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांबरोबर आलेलं. अंगणातल्या चौकडीतली प्रमुख गवतं स्थलांतरितच आहेत, आपल्यासारखी.

त्यांचे स्वभाव वेगळे. रायग्रास पाच ते दहा दिवसांत उगवतं, फेस्क्यूला एक-दोन आठवडे लागतात, ब्लूग्रास तीन-चार आठवडेही घेतं. म्हणून मिश्रण पेरल्यावर आठव्या दिवशी अंगण हिरवं झालं की पाणी थांबवायचं नसतं. तेव्हा फक्त रायग्रास वर आलेलं असतं. ब्लूग्रास जमिनीखालून धुमारे टाकत मोकळ्या जागा भरतं. रायग्रास आणि टॉल फेस्क्यू बहुतांशी झुपक्यांत वाढतात, त्यांच्यात पडलेलं टक्कल आपोआप बुजत नाही, तिथे पुन्हा बीच टाकावं लागतं. टॉल फेस्क्यूची मुळं सर्वांत खोल जातात, आणि मध्य जर्सीतल्या उन्हाळ्याकडे पाहता मला तेच या भागासाठी सर्वांत समजूतदार वाटतं. सावलीत फाइन फेस्क्यू. नॉर्वे मेपलच्या दाट सावलीत काहीच नाही, तिथे लाकडाचा भुसा अंथरावा आणि मोकळं व्हावं.

आधीच्या गवतावर पेरायचं असेल तर हजार चौरस फुटांना टॉल फेस्क्यूचं बी चार ते सहा पौंड लागतं, ब्लूग्रासचं एक-दोन पौंडच. ब्लूग्रासचा दाणा अतिबारीक, एका पौंडात दहा लाखांहून जास्त. फेस्क्यूचे दोन-सव्वादोन लाख. दुप्पट बी टाकलं तर दुप्पट गवत येत नाही, कोवळी रोपं एकमेकांना गुदमरवतात आणि बुरशीला बळी पडतात.

पोत्याच्या मागे बारीक अक्षरांत एक चिठ्ठी असते. 1939 च्या संघीय बियाणे कायद्यामुळे ती द्यावीच लागते. पुढच्या चित्राआधी ती वाचावी. उगवणक्षमता किती, तणांचं बी किती, इतर पिकांचं बी किती, चाचणी कधी झाली. स्वस्त पोत्यात बरेचदा एकवर्षी रायग्रास भरलेलं असतं. आठवड्यात उगवतं, वर्षभरात संपतं. चाचणीची तारीख पाहण्याला आणखी एक कारण आहे. चांगल्या रायग्रास आणि फेस्क्यूच्या बियांत एंडोफाइट नावाची एक सहजीवी बुरशी असते. ती पात्यात राहते आणि पातं-खोड खाणाऱ्या किडींना कडू लागतील अशी द्रव्यं तयार करते. चाऱ्याच्या फेस्क्यूत हीच बुरशी गुरांना बाधते, लॉनमध्ये ती वरदान. पण उष्णतेत ती बियाआधी मरते. गरम गॅरेजमध्ये दोन उन्हाळे पडून राहिलेलं पोतं उगवेलही, पण त्यातला हा राखणदार गेलेला असेल. या बियांचा फार मोठा वाटा ओरेगनच्या विलामेट खोऱ्यात पिकतो, जुलैच्या सुमारास कापणी होते. ताजं बी मिळायला सप्टेंबर हाही एक मुहूर्तच.

पेरल्यानंतरचं काम कंटाळवाणं आणि निर्णायक. वरची अर्धा इंच माती उगवण होईपर्यंत सुकू द्यायची नाही, त्यासाठी दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी. रोपं उभी राहिली की हळूहळू कमी वेळा आणि खोल. पाती तीन-साडेतीन इंचांची झाली की धारदार पात्याने पहिली कापणी. नेमकं याच दिवसांत आपलं घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. गणपती झाले की पितृपक्ष, मग नवरात्र, भोंडला, कोजागरी. आरतीच्या गर्दीत दुपारचं पाणी राहून जातं आणि फुटलेला कोंब एका कोरड्या वाऱ्यात वाळतो. टायमर लावावा, किंवा घरातल्या शाळकरी मुलाला पगारावर ठेवावं. ऑक्टोबरच्या मध्यापासून ओक आणि मेपलची पानं पडतात. तो ओला थर आठवडाभर पडून राहिला तर खालचं कोवळं गवत कुजतं. पानं ओरबाडणाऱ्या लोखंडी रेकने काढू नयेत, नुकती धरलेली मुळं सुटतात. हलक्या हाताने, किंवा ब्लोअरने. पहिल्या गोठवणाऱ्या दवाआधी रोपाला किमान 45 दिवस मिळायला हवेत, म्हणून जर्सीत ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ उत्तम. ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटला की नशिबावर हवाला.

ही पुस्तिका न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क आणि थोड्या फरकाने ओहायो, ओंटारिओ या पट्ट्यासाठी आहे. फिनिक्सच्या वाचकांनी तिच्यातली वेळापत्रकं वापरू नयेत. त्यांच्याकडे लॉन हरळीची असते आणि ती झोपी जाण्याच्या सुमारास, ऑक्टोबरात, तिच्यावर रायग्रास पेरतात ते फक्त हिवाळ्याच्या हिरव्या रंगासाठी. एप्रिलमध्ये टीव्हीवर ऑगस्टाच्या गोल्फ कोर्सचा जो हिरवा रंग दिसतो, तोही असाच शरदात पेरलेल्या रायग्रासचा. हरळीला भोकं पाडायची तर ती वाढीत असताना, म्हणजे उन्हाळ्याच्या सुरुवातीला.

शेवटी कायद्याचं आणि मातीपरीक्षणाचं. बार्नेगट खाडीत खतं वाहून जाऊन पाणी बिघडू लागल्यावर न्यू जर्सीने 2011 मध्ये लॉनच्या खतांसाठी कडक कायदा केला. घरमालकाला 15 नोव्हेंबर ते 1 मार्च या काळात खत टाकता येत नाही. फॉस्फरस एरवी बंद. नवी पेरणी किंवा दुरुस्ती असेल, नाहीतर परीक्षणात कमतरता दिसली असेल, तरच चालतो. म्हणजे माती तपासून घेणं हे शहाणपणाचंही आहे आणि सोयीचंही. इथली माती बहुधा आम्ल असते आणि या गवतांना सामू 6 ते 7 च्या दरम्यान लागतो. चुना लागणार असेल तर एरेशननंतर टाकलेला तो भोकांतून लवकर खाली पोचतो. रटगर्सची मातीपरीक्षण प्रयोगशाळा आहे आणि प्रत्येक काउंटीत विद्यापीठाचं विस्तार कार्यालय आहे. 1914 च्या कायद्याने शेतकऱ्यांसाठी उभी राहिलेली ही यंत्रणा आज अंगणवाल्यांच्या शंकाही ऐकून घेते. पहिलं प्रकरण नमुना कसा घ्यायचा याचंच आहे. अंगणात दहा-बारा ठिकाणी चार ते सहा इंच खोल माती काढून स्वच्छ बादलीत मिसळावी, त्यातली थोडी पिशवीत भरावी, आणि हे जुलैमध्ये करावं, म्हणजे बी घ्यायला जाताना अहवाल हातात असेल.